दोन रंगांची गोधडी

अमेरिकेतील ‘क्विल्ट’ म्हणजे तीन थरांची गोधडी. वर कापडाचे तुकडे जोडून सिद्ध केलेला दर्शनी थर, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि या तिहींना एकत्र बांधणारा धावदोरा. एकोणिसाव्या शतकात तिच्या अनेक प्रकारांत एक विशेष संयमी प्रकार रूढ झाला. पांढऱ्याला तांबड्याची किंवा निळ्याची जोड, एवढेच त्याचे भांडवल.

या संयमामागे रंगाच्या टिकाऊपणाचा प्रश्न होता. धुतल्यावर शेजारच्या पांढऱ्यावर उतरणारा रंग येथे निरुपयोगी. मंजिष्ठेच्या जातीतील एका वनस्पतीच्या मुळ्या, तेल आणि तुरटी यांच्या दीर्घ प्रक्रियेतून मिळणारा ‘टर्की रेड’ या कसोटीस उतरला. पूर्व भूमध्य प्रदेशातील ही विद्या अठराव्या शतकात युरोपास अवगत झाली. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील ॲलिझरीन हे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले आणि पक्का तांबडा रंग स्वस्त झाला. निळ्याची भिस्त निळीवर होती.

दोनच रंग असल्यामुळे आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यात सतत अदलाबदल होते. क्षणापूर्वी तांबडा भासणारा तारा दुसऱ्या क्षणी पांढऱ्या अवकाशातील कोनांचा समूह वाटतो. ‘दारुड्याची वाट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत तर चौकोन आणि वर्तुळाचा चतकोर यांच्या केवळ फिरवाफिरवीतून झोकांड्या खाणारा रस्ता उमटतो. साधन जितके तोकडे, तितकी रचनेची बुद्धी उघडी पडते. रंगांच्या गर्दीत खपून जाणारी चूक येथे लपत नाही.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट भिंतीवर टांगले आणि अमूर्त चित्रांप्रमाणे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी रूढ केली. २०११ च्या मार्चमध्ये अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने त्याच शहरातील पार्क ॲव्हेन्यू आर्मरीच्या प्रचंड दालनात जोआना रोझ यांच्या संग्रहातील ६५१ तांबडे-पांढरे क्विल्ट सहा दिवस विनामूल्य मांडले. वर्तुळाकार रचनांत ते अधांतरी लटकत होते. एकाच मर्यादेतून किती भिन्न मने व्यक्त झाली, हे त्या समुदायातच प्रत्ययास आले.

तथापि अंथरुणावरून भिंतीवर झालेला हा प्रवास निखळ लाभाचा नव्हे. क्विल्टला कलाकृतीची प्रतिष्ठा लाभली, पण ऊब, धुणे, झीज आणि घर यांच्याशी असलेले त्याचे नाते दृष्टीआड झाले. सत्कार्यासाठी निधी जमविताना वर्गणीदारांची नावे तांबड्या दोऱ्याने पांढऱ्या कापडावर भरण्याची प्रथा होती. अशा क्विल्टवर पैसे देणाऱ्यांची नावे आजही वाचता येतात, परंतु शिवणारीचे नाव पुष्कळदा कोठेच नसते. तिची सही शोधायची, तर ती टाक्यांच्या समान अंतरातच शोधावी लागते.