एका गुणाचे वजन

सोलापुरात आमच्या गल्लीत बारावीच्या निकालाच्या दिवशी मुलांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त अस्वस्थ असत. १९९८ साली त्यांच्यात माझे वडीलही होते. त्यांची गिरणी काही वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि ते एका कापड दुकानात हिशेब लिहीत. आई विड्या वळत असे. मी डॉक्टर व्हायचे, हे मी पाचवीत असतानाच घरात ठरून गेले होते. आदल्या वर्षी धाकटी बहीण दहावी झाली, पण तिचा अकरावीचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला. तिची फी आणि माझ्या क्लासची फी, दोन्ही भरणे घराला शक्य नव्हते.

त्या वेळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या तीनशे गुणांवर ठरत. सामाईक प्रवेश परीक्षा त्यानंतर आली. प्रवेशाच्या याद्या लागल्या, तेव्हा शेवटच्या प्रवेशाच्या आकड्यापेक्षा माझा आकडा एका गुणाने कमी होता. वडील रागावले नाहीत. "एकच मार्क रे," एवढेच म्हणाले. पुढे कित्येक दिवस ते वर्तमानपत्राच्या कडेला तीन विषयांची बेरीज पुन्हा पुन्हा मांडत.

हा एक गुण म्हणजे नेमके काय? पुढे प्रयोगशाळेत काम करू लागल्यावर हा प्रश्न मला शास्त्रीय वाटू लागला. त्याचा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असा आहे.

दरवाजा एक, माणसे अनेक

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शंभराहून अधिक उमेदवार बसले, त्यांपैकी वीस-बावीसच उत्तीर्ण झाले. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. या परीक्षेचा मूळ हेतू मर्यादित होता. विद्यापीठात शिकण्याइतकी तयारी उमेदवाराकडे आहे की नाही, एवढेच तिने पाहायचे होते.

पण त्याच काळात मुलुख बदलत होता. सोलापूरला १८६० मध्ये आगगाडी पोचली. १८७७ मध्ये येथे पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली. रेल्वे, टपाल, कोर्ट, कचेऱ्या या सर्वांना लिहिणारी-वाचणारी माणसे हवी होती. निवड करायची तर हाताशी तयार कसोटी होती, ती मॅट्रिकची. त्यामुळे विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा हळूहळू नोकरीच्या दारावरचीही परीक्षा झाली. शाळेत काय शिकवायचे तेही तीच ठरवू लागली.

१८८२ च्या हंटर आयोगाच्या हे लक्षात आले होते. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाला उपयोगी पडणारी, अशी त्याने शिफारस केली. दुसऱ्या शाखेने फारसे मूळ धरले नाही. पालकांचे गणित सरळ होते. पहिल्या शाखेने पदवीचा आणि नोकरीचा असे दोन्ही दरवाजे उघडत असतील, तर दुसरीकडे मुलाला घालायचे कशाला? पालकांच्या हट्टाविषयी आपण बोलतो, तेव्हा हे विसरतो की हा हट्ट पुष्कळदा बरोबर हिशेबातून आलेला असतो. दरवाजे थोडे आणि माणसे अनेक असली की प्रत्येक घर आपापल्या परीने शहाणपणानेच वागते. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र मुलाच्या डोक्यावर येऊन बसते.

परीक्षेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या घराला नाव नाही, जमीन नाही, ओळख नाही, त्या घरातल्या मुलासाठी वशिल्यापेक्षा परीक्षा न्याय्यच होती. उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, आडनाव नसते. गिरणी कामगाराने गुणांवर एवढा विश्वास टाकला तो यामुळेच.

गुणांतील त्रुटी

या विश्वासाची शास्त्रीय तपासणी प्रथम केली ती फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने. ताऱ्याचे स्थान मोजताना दोन निरीक्षकांची मापे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी त्रुटींचा सिद्धान्त बनवला होता. १८८८ मध्ये एजवर्थने तोच सिद्धान्त परीक्षांना लावला. उत्तरपत्रिका हा तारा, परीक्षक हा निरीक्षक. अनेक जाणकार परीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी म्हणजे खरा गुण; एकट्या परीक्षकाचा गुण त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी पडणार.

१९१२-१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या छापील प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे पाठवल्या. इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले. भाषेचे असे होणारच, असे कोणी म्हणेल. भूमितीच्या उत्तरपत्रिकेला २८ पासून ९२ पर्यंत गुण पडले!

यानंतरचा प्रयोग आपल्या अधिक जवळचा आहे. तो करणारे फिलिप हार्टोग हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ते १९२० मध्ये ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. भारतातील शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ ची हार्टोग समिती ती त्यांचीच. १९३५ मध्ये त्यांनी ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञासह इंग्लंडमधील परीक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इतिहासाच्या अशा १५ उत्तरपत्रिका निवडल्या होत्या की ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण होते. त्या १५ परीक्षकांनी पुन्हा तपासल्या. वर्षभराहून अधिक काळाने त्यांतील १४ जणांना त्याच उत्तरपत्रिका, आधीचे गुण न दाखवता, परत दिल्या. असे १४ गुणिले १५, म्हणजे २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाचा स्वतःचाच निर्णय बदलला. नापास केलेला पास झाला, पास केलेला वरच्या श्रेणीत गेला, किंवा याच्या उलट. मुलगा तोच, उत्तर तेच, परीक्षकही तोच!

यात परीक्षकांची लबाडी नाही. मापन असे असतेच. मिलिमीटरच्या पट्टीने दोन तारा मोजल्या, एक ४६.२ आणि दुसरी ४६.३ सेंटिमीटर भरली. आपल्या मोजण्यातली त्रुटी ०.२ सेंटिमीटर असेल, तर कोणती तार लांब हे आपण सांगू शकत नाही. अकरावीच्या प्रात्यक्षिकात आपण मुलांना हेच शिकवतो. त्याच मुलांच्या गुणपत्रिका हातात आल्या की मात्र तो धडा आपण विसरतो.

आज वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा यंत्रावर तपासली जाते, त्यामुळे परीक्षकाचा फरक गेला. दुसरी त्रुटी मात्र उरली. संपूर्ण अभ्यासक्रमातून १८० प्रश्न निवडले जातात. दुसरे १८० निवडले असते तर आकडा थोडा वेगळा आला असता. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक जातो. म्हणजे एका प्रश्नावर पाच गुणांचे अंतर पडते. ७२० पैकी दोन-चार गुणांच्या अंतराने पुढे-मागे असलेल्या दोन मुलांत अधिक लायक कोण, हे ती परीक्षा सांगू शकत नाही. जागा मोजक्या असल्यामुळे रेषा कुठेतरी ओढावी लागते, हे मान्य. पण रेषा ओढणे ही व्यवस्थेची सोय आहे, तो मुलाविषयीचा निष्कर्ष नव्हे.

कोटणीसांचे गुण किती?

आमच्या शाळेत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण वरचेवर दिले जाई. ते सोलापूरचेच. जन्म १० ऑक्टोबर १९१०, घर बेताच्या परिस्थितीचे, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला म्हणजे घराच्या सगळ्या आशा त्याच्यावर येतात, हे सोलापूरकराला सांगायला नको. कोटणीसांचे पदव्युत्तर शिक्षण चालू असताना जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. त्यांनी घरी विचारले. आईला मुलगा दूर जाण्याचे दुःख झाले, पण वडिलांनी उत्तेजन दिले. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर निघाले. कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील वारले, तरी ते परतले नाहीत. आघाडीवर त्यांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मरण पावले.

आम्हाला सांगितले जाई, "कोटणीसांसारखे डॉक्टर व्हा." त्यांनी पुढची परीक्षा सोडून दिली होती आणि वडिलांनी त्यांना जाऊ दिले होते, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्यांना गुण किती होते हेही आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

१९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने म्हटले की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मुलांना जास्त जड होते. त्यात मी आणखी एक ओझे मिळवीन. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे न समजण्याचे. ते मुलांइतकेच पालकांवरही असते. माझ्या वडिलांना हिशेब उत्तम येत होता. त्रुटी म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी पुढे विज्ञानाची पदवी घेतली, संशोधनात आलो आणि रमलो. बहिणीचे वाया गेलेले एक वर्ष मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत नोंदलेले नाही.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. घटक चाचणीतील एका उत्तरपत्रिकेच्या, नाव झाकून, पाच प्रती काढा. शाळेतील त्या विषयाच्या पाच शिक्षकांना त्या वेगवेगळ्या तपासू द्या. आलेले पाच आकडे पालकसभेत फळ्यावर लिहा. त्यांची सरासरी काढा, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातले अंतर काढा. मग पालकांना विचारा की एका गुणासाठी घरात कोणाचे काय थांबले आहे.