एकहाती नियतकालिके आणि त्यांचा वाचक

मराठी नियतकालिकांचा इतिहास सामान्यतः चळवळी, संस्था आणि छापखाने यांच्या आधाराने लिहिला गेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून (१८३२) ज्ञानप्रसार, धर्मसुधारणा, राजकारण अशा टप्प्यांनी तो पुढे सरकतो. या मांडणीत एक धारा मात्र नेहमी बाजूला राहते. लेखक, संपादक, व्यवस्थापक आणि पुष्कळदा प्रकाशकही एकच व्यक्ती आहे, अशा नियतकालिकांची ही धारा होय. यांना एकहाती नियतकालिके म्हणता येईल. त्यांच्यामागे संस्थानिकाचा स्थायी आश्रय नसतो, सरकारी खात्याची खरेदी नसते आणि बहुधा भांडवलही नसते. एका माणसाला काही सांगावयाचे असते आणि ते ऐकणारा वर्ग त्याला स्वतःच मिळवावा लागतो. हा वर्ग त्याने कसा मिळवला, या प्रश्नाकडे आजवर व्यवहाराचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. वस्तुतः तो वाङ्मयीन प्रश्न आहे. कारण वाचक मिळवण्याच्या रीतीनेच या पत्रांच्या गद्याला त्याचे विशिष्ट वळण दिले.

अशा पत्रांना अनुकूल भूमी तयार होण्यास काही भौतिक कारणे होती. लोकहितवादींनी १८४८ मध्ये ‘शतपत्रे’ लिहावयास घेतली, तेव्हा त्यांना भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकाचा आश्रय घ्यावा लागला. विचार त्यांचे होते, पण घर दुसऱ्याचे होते. १८५४ मध्ये टपालाचे दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागले. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे हे अंतर काही तासांचे झाले. १८७७ मध्ये व्ही.पी.ची आणि १८८० मध्ये मनिऑर्डरची सोय झाली. दूरच्या गावी राहणाऱ्या वर्गणीदाराकडून पैसे यावेत कसे, ही संपादकाची जुनी विवंचना त्यामुळे निम्मी हलकी झाली. याच काळात इतर भारतीय भाषांतही अशी स्वतंत्र घरे उभी राहत होती. गुजरातीत नर्मदचे ‘दांडियो’ (१८६४), बंगालीत बंकिमचंद्रांचे ‘बंगदर्शन’ (१८७२) आणि तेलुगूत वीरेशलिंगम् यांचे ‘विवेकवर्धिनी’ (१८७४) ही त्यांची ठळक उदाहरणे. यांतील प्रत्येक पत्र सर्वस्वी एकट्याने लिहिलेले नसले, तरी प्रत्येकावर एका व्यक्तिमत्त्वाचा ठसा होता.

मराठीत या धारेचा खरा आरंभ विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने झाला. २५ जानेवारी १८७४ रोजी तिचा पहिला अंक निघाला, तेव्हा शास्त्रीबोवांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि ते सरकारी शाळाखात्यात शिक्षक होते. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. आरंभीचा निबंध ‘मराठी भाषेची सद्यःस्थिती’ या विषयावर होता आणि अखेरचा ‘आमच्या देशाची स्थिती’ या विषयावर. पुढे, १९१० मध्ये, हा दुसरा निबंध पुस्तकरूपाने सरकारजमा झाला आणि १९३७ मध्ये त्याच्यावरील बंदी उठली.

शास्त्रीबोवांसमोर डॉ. जॉन्सनचा आदर्श होता. जॉन्सनने १७५० ते १७५२ या काळात ‘रॅम्बलर’चे २०८ अंक चार-पाच अपवाद वगळता एकट्याने लिहिले. त्या अंकांचा प्रत्यक्ष खप थोडाच होता; पण ग्रंथरूपाने त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. शास्त्रीबोवांनी जॉन्सनवर दीर्घ निबंध लिहिला आणि वडिलांनी अर्धवट ठेवलेले ‘रासेलस’चे भाषांतर पूर्ण केले. मात्र ‘निबंधमाले’चा वाचक लंडनमधील कॉफीगृहांतला नव्हता. इंग्रजी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण, मामलेदार कचेरीतील कारकून, तालुक्याच्या गावचा मास्तर, असा तो वर्ग होता. त्याला इंग्रजी येत होते आणि मराठीची थोडी लाजही वाटत होती. ही लाज घालवणे हेच मालेचे कार्य ठरले, आणि म्हणून तिचा आवाज शिक्षकाचा झाला. व्याख्या, दृष्टांत, पूर्वपक्ष, त्याचे खंडन आणि अखेरीस उपहासाचा फटकारा, अशी ही रचना वर्गात शोभणारी आहे. अंकामागून अंक चालणारा निबंध वाचकाला पुढील महिन्याची वाट पाहावयास लावी.

मालेच्या प्रसाराचे दुसरे साधन वाद हे होते. लोकहितवादी, प्रार्थनासमाज, दयानंद सरस्वती, सत्यशोधक समाज अशा प्रस्थापित वा उदयोन्मुख पक्षांवर शास्त्रीबोवांनी तुटून पडावे, आणि ज्यांना ते पटत नसे त्यांनीही काय लिहिले आहे ते पाहण्यासाठी अंक मिळवावा, असा हा व्यवहार होता. त्याची किंमत मराठी विचाराने मोजली. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांचे परीक्षण करताना शास्त्रीबोवांनी त्यांच्या भाषेतील अशुद्धांवर जो भर दिला, त्यात एका समाजाच्या दुःखाची दखल घेण्याची संधी हुकली. स्वतःच्या वाचकवर्गाला टाळी वाजवावीशी वाटेल असे लिहिण्याचा मोह एकहाती पत्राला सदैव असतो. येथे संपादकीय मंडळ नसते, म्हणून लेखकाला अडवणाराही कोणी नसतो. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’चे दोन अंक काढले, ते संवादरूप होते. व्याख्यानाऐवजी संभाषणाची ही निवड वेगळ्या वाचकाची जाणीव दर्शवते.

शास्त्रीबोवांनी मालेच्या भोवती एक सबंध जग उभे केले, ही त्यांची दुसरी विशेषता. पुस्तकविक्रीसाठी किताबखाना (१८७५), चित्रांसाठी चित्रशाळा (१८७८), टिळक व नामजोशी यांच्या सहकार्याने न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि त्यानंतर ‘केसरी’ व ‘मराठा’ (१८८१) हा क्रम पाहिला, म्हणजे एका माणसाच्या मासिकातून वाचक, विक्रेता आणि विद्यार्थी यांचे जाळे कसे विणले गेले हे कळते. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १७ मार्च १८८२ रोजी, बत्तिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ते निवर्तले.

पुण्यातील मासिकाला शाळा आणि कचेऱ्या यांचे जाळे आयते मिळाले होते. ते जेथे नव्हते, तेथे काय झाले याचे उत्तर मुकुंदराव पाटलांच्या ‘दीनमित्र’ या साप्ताहिकात सापडते. १९१० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे येथून त्यांनी ते सुरू केले आणि लवकरच नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात नेले. १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन होईपर्यंत ते चालले. खेड्यात छापखाना चालवणे म्हणजे खिळे, शाई, कागद आणि जुळारी या प्रत्येक गोष्टीसाठी शहराकडे पाहणे. तरीही त्यांनी खेडे सोडले नाही, कारण त्यांचा वाचक तेथेच होता. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते हेच त्याचे वितरक होते. हा वाचक पोथी ऐकून वाढलेला होता. मुकुंदरावांनी ‘कुळकर्णी लीलामृत’ हे काव्य ओवीबद्ध लिहिले, ते याच कानाला ओळखीचे वाटावे म्हणून. पोथीची भाषा आणि गावकारभाराचा अनुभव यांची सांगड घालून त्यांनी जे उपरोधपूर्ण लेखन केले, ते वाचून दाखवण्याजोगे होते. अशा पत्राच्या विकलेल्या प्रतींवरून त्याच्या श्रोत्यांची संख्या ठरवता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांपुढील अडचण याहूनही कठीण होती. ज्या समाजासाठी ती काढली गेली, त्याला अक्षरांपासूनच दूर ठेवण्यात आले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ‘केसरी’ने मात्र मूल्य देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. चिपळूणकरांच्या काळी वाचकांचे जे जाळे विणले गेले, त्याचे दरवाजे कोणासाठी उघडत आणि कोणासाठी नाही, हे या एका नकाराने दाखवून दिले. बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी विलायतेस गेले आणि त्यांच्या पश्चात पत्र फार काळ तग धरू शकले नाही.

महाडच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. वकिली, अध्यापन आणि चळवळ सांभाळून हे काम चालले होते. पत्राच्या मदतीसाठी त्यांनी स्वतःच्या समाजाला आवाहन केले, तेही याचकाच्या सुराने केले नाही. पत्र चालवणे हे समाजाचे देणे आहे, अशी त्यांची भूमिका होती. या गद्यात दोन वाचक सदैव समोर असलेले दिसतात. एक, ज्याला पहिल्यांदाच आपली बाजू छापील शब्दांत भेटत आहे. आणि दुसरा, ज्याला त्याच्याच शास्त्रांतील आधार देऊन उत्तर द्यावयाचे आहे. संत-वाङ्मयाची जाण, धर्मशास्त्राचे दाखले आणि कायदेपंडिताची युक्तिवादशैली यांचा मेळ या दुहेरी संबोधनातून आला आहे. १९२९ मध्ये पत्र बंद पडले. मात्र तोवर एक नवा वाचक अस्तित्वात आला होता.

या धारेतील चौथे मोठे उदाहरण म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी हे मासिक सुरू केले आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीने ते पदरमोड करून सव्वीस वर्षे चालवले. ज्या विषयाचे नाव घरात काढता येत नसे, त्या विषयावरचे हे मासिक होते. ते उघडपणे हाती धरणेही पुष्कळांना संकोचाचे वाटे. अशा वेळी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे सदर हा त्याचा प्राण ठरला. वाचकाने नाव लपवून विचारावे आणि संपादकाने आडपडदा न ठेवता सांगावे, या विश्वासावर ते उभे होते. म्हणूनच कर्व्यांचे गद्य अलंकारशून्य, मोजके आणि काहीसे कोरडे आहे. गणिताच्या प्राध्यापकाची शिस्त त्यात आहेच, त्याशिवाय भिडस्त वाचकाला धीर देणारी समता आहे. ‘शारदेची पत्रे’ या सदरात त्यांनी स्त्रीच्या मुखाने बोलण्याचा प्रयोगही केला.

हाच विश्वास त्यांच्यावरील खटल्यांचे कारण झाला. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून दुसरा खटला भरण्यात आला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला गेला आणि कर्व्यांना पुन्हा दंड भरावा लागला. एकहाती पत्र चालवणाऱ्या एकाने दुसऱ्याचा कैवार घ्यावा, ही घटना मराठी नियतकालिकांच्या इतिहासात अर्थपूर्ण आहे. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले आणि त्यानंतरच्या अंकाबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. पुढे अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाने त्यांचे कार्य नव्या पिढीपुढे आणले.

ही चार उदाहरणे एकत्र ठेवली असता काही निष्कर्ष निघतात. चिपळूणकरांचा वाचक शिष्य होता, मुकुंदराव पाटलांचा गावकरी, आंबेडकरांचा घडत असलेला नागरिक आणि कर्व्यांचा संकोचाने पत्र लिहिणारा अनामिक. यांपैकी प्रत्येक नात्याने मराठी गद्याला एक निराळी रीत दिली. प्रसाराची साधने काळानुसार पालटली, तरी नियमितपणे निघणारा अंक, ओळखू येणारा आवाज आणि वाचकाला दिलेले उत्तर ही तीन साधने सर्वत्र दिसतात. वर्गणीदार त्यांनीच टिकवले. अशा पत्रांची दुर्बलताही याच गोष्टींत आहे. माणूस परदेशी गेला, थकला किंवा मरण पावला की पत्र संपते; आणि तो जेथे चुकतो, तेथे त्याला सावरणारे कोणी नसते.

खपाचे आकडे हे यशाचे माप मानले, तर यांतील बहुतेक पत्रे अयशस्वी ठरतील. मात्र ‘निबंधमाले’च्या वाचकांतून शाळा आणि वृत्तपत्रे उभी राहिली, ‘बहिष्कृत भारत’च्या वाचकांच्या पुढील पिढ्यांतून दलित साहित्याची चळवळ उभी राहिली, आणि कर्व्यांनी ज्यासाठी दंड भरला ते संततिनियमन १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने अधिकृत कार्यक्रम म्हणून स्वीकारले.

अभ्यासकांपुढे यातून एक कर्तव्य उभे राहते. या पत्रांतील लेखन आज बहुधा संकलित ग्रंथांच्या रूपाने वाचले जाते. ग्रंथ सिद्ध होताना वर्गणीच्या सूचना, उशिराबद्दलचे खुलासे, पोच, जाहिराती, वाचकांची पत्रे आणि मुखपृष्ठे गळून पडतात. लेखक उरतो आणि वाचक नाहीसा होतो. वस्तुतः त्या गद्याचा अर्थ या दोघांच्या व्यवहारात आहे. म्हणून ग्रंथालयांनी निवडक लेखांच्या संग्रहांबरोबर मूळ अंकही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जपले पाहिजेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचून झाल्यावर अंकाचे शेवटचे पानही उलटून पाहिले पाहिजे. वर्गणीची थकबाकी आणि पुढील अंकाचे आश्वासन जेथे छापलेले असते, तेथे एका माणसाने आपले लेखन लोकांपर्यंत कसे नेले याची साक्ष आहे.