बिब्बा एकीलाच का उततो?

बिब्बा उतणं म्हणजे काय, हे मानकोलीच्या आम्हा बायकांना कुणी सांगायला नको. एकीच्या टाचेला बिब्ब्याचा चटका दिला तर काही होत नाही, दुसरीच्या अंगावर फोड उठतात. आंब्याच्या चिकाचंही तसंच. मग खोबरं वाटून लावायचं.

बिब्बा आणि आंबा ज्या कुळातले, त्याच कुळातलं एक झाड चीनमध्ये आहे. त्याच्या चिकाचं रोगण लाकडी भांड्यांना लावतात. इसवी सन 610 मध्ये छाओ युआनफांग या दरबारी वैद्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की काहींना हा चीक जवळ आलेलाही सोसत नाही आणि काही जण दिवसभर तो उकळत बसले तरी त्यांना काही होत नाही. दोष नुसत्या चिकाचा नाही, माणसाच्या उपजत प्रकृतीचाही आहे. आज आपण यालाच ॲलर्जी म्हणतो. जुने चिनी वैद्य त्यावर खेकडे ठेचून लावत.

हे चिनी वैद्यक पुढे लंडनला पोचलं. तिथल्या एका चिनी वैद्यबाईंच्या काढ्याने इसब असलेल्या मुलांना उतार पडतोय, हे मुलांच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी थट्टा केली नाही, तपासणी केली. 47 मुलं घेतली. काही आठवडे खरा काढा, काही आठवडे दुसऱ्याच पाल्याचा. 1992 साली निकाल छापला: खऱ्या काढ्याने फरक पडला होता. पण 1999 मध्ये हाँगकाँगला तोच काढा तपासला, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. काही रुग्णांच्या यकृतालाही अशा काढ्यांचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी 'चिनी जडीबुटीची' म्हणून विकली जाणारी 11 मलमं तपासली. त्यांतल्या 8 मलमांत डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड निघालं. नाव पाल्याचं, गुण स्टिरॉइडचा!

हे आज सांगायचं कारण म्हणजे गोदामात खोकी उचलून हातांना खाज सुटली, की आम्हीही कुणीतरी दिलेली ट्यूब लावतो. आमच्यातल्या एकीने ती तोंडाला लावली. चार दिवसांत खाज गेली, चेहरा उजळ दिसला. काही महिन्यांनी कातडी पातळ झाली, ऊन लागलं की आग होऊ लागली. स्टिरॉइड वाईट नाही. डॉक्टर मोजून देतात तेव्हा ते कामाचं आहे. न सांगता दिलेलं स्टिरॉइड मात्र फसवणूकच.

तेव्हा औषध चिनी असो, गावठी असो की दुकानातलं, त्यात काय आहे ते आधी विचारूया. नाव न छापलेली डबी घ्यायची नाही. बरेच दिवस एखादं मलम लावत असाल, तर ते मनानेच एकदम बंद न करता आरोग्य केंद्रात दाखवा. आणि खाज कशाला हात लावल्यावर सुटते, ते ध्यानात ठेवा. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो वैद्यही तिथूनच सुरुवात करत होता.