घोड्यांचा तळ आणि लाल शाई

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने मराठी निबंध स्पर्धेसाठी सहलीचं वर्णन लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा तिच्यात सहा ठिकाणी लाल गोल होते. मुक्काम, लगाम, खोगीर, नाल, मेख, तबेला. समासात परीक्षकांचा शेरा होता, ‘उर्दू शब्द टाळावेत.’ मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, लगामला मराठीत काय म्हणतात?”

मी वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवतो. तरी क्षणभर गप्प झालो. कारण लगामला मराठीत लगामच म्हणतात.

सहल माथेरानची होती. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेब लोकांचा तिथे राबता सुरू झाला. १९०७ मध्ये नेरळहून वर रेल्वे आली, ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योजकाच्या चिकाटीने. पण मोटारींना या गावात बंदीच राहिली. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावर जायचं. आम्ही उतरलो ती जागा साधीच होती. मागे जांभळाची झाडी, लाल माती आणि ओळीने बांधलेले पाच घोडे. मालकाने मुलांसाठी झाडीतच तंबू ठोकून दिले. रात्री थंडी पडली. घोडे फुरफुरले की मुलं दचकायची, मग हसायची. घोडेवाले चाचा आणि त्यांच्यासोबत काम करणारा धनगरवाड्यातला पोरगा, दोघं कंदील घेऊन घोड्यांपाशी फिरत होते. चाचांनी मुलांना शिकवलं की घोड्याच्या पुढच्या पायाचा दोर ती आगाडी, मागच्याचा तो पिछाडी, तोंडाला दाण्याची पिशवी अडकवतात तो तोबरा. मुलीने हे सगळं निबंधात लिहिलं होतं.

मी तिला म्हणालो, “थांब, तुला एक पत्र दाखवतो.”

हे पत्र शिवाजी महाराजांचं आहे. रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचं. जून १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि हे पत्र त्याच काळातल्या एका वैशाखातलं. चिपळूणजवळ हलवर्ण इथे घोडदळाचा तळ पडला होता, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं आहे. डोंगराच्या पायथ्याशी, रानाच्या कडेला, पावसाळ्याच्या तोंडावर शेकडो घोडी एका जागी बांधलेली असली की काय काय होऊ शकतं, याचा इतका बारीक विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आधीच बराच संपला होता. गडागडांवरून धान्य मागवून कशीबशी सोय केली होती. महाराज बजावतात की आत्ता मन मानेल तसं घोड्यांना चाराल तर भर पावसात काहीच मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमची माणसं आसपासच्या गावांत जातील. कोणी कुणब्याचं धान्य आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. आधीच जीव मुठीत धरून राहिलेला कुणबी घर सोडून निघून जाईल. मोगल आले त्यापेक्षा हे वाईट, असं तो म्हणेल आणि त्याचा तळतळाट तुम्हाला लागेल.

त्यानंतर आगीचा विषय येतो. भलत्या जागी चूल मांडू नका. वारा सुटला आहे, गवत पडलं आहे हे न बघता तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणाला आग लागली की सगळी पागा जाईल. राज्याभिषेकाच्या सुमारास एक राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करत होता, हे ऐकून मुलगी माझ्याकडे बघत राहिली. माथेरानला चाचांनी झोपण्याआधी कंदील विझवून दगडावर ठेवला होता. ती म्हणाली, “चाचा पण गवताजवळ बिडी ओढू देत नव्हते.”

आता या पत्राची भाषा बघा. त्यात लष्कर आहे, मुक्काम आहे, पागा, दाणा, रातीब, गल्ला, खर्च, बेगमी आणि बदनामी आहे. पागा हा फारसी ‘पायगाह’. मुक्काम अरबी, लष्कर फारसी. सालसुद्धा अरबी अंकशब्दांत आहे, ‘अर्बा सबैन’, म्हणजे चौऱ्याहत्तर. शुहूर सन लिहिण्याची दख्खनमधली ती रीतच होती. लाल शाईचा पेन घेऊन बसलं तर या पत्रावर किती गोल येतील?

सभासदाच्या बखरीतही याच तळाची व्यवस्था सापडते. ज्याचा घोडा सरकारी तो बारगीर, ज्याचा स्वतःचा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांचा एक जुमला. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी पाणी आणणार, नालबंद नाल ठोकणार. दसऱ्याला लष्कर बाहेर पडायचं आणि पावसाळ्याला छावणीत परतायचं. छावणी हा शब्द मात्र आपल्या मातीतला. छावणे म्हणजे छप्पर घालणे. पावसात घोडी कोरडी राहावीत म्हणून गवताने शाकारलेली जागा ती छावणी.

सह्याद्रीत पावसाळा न ओळखणाऱ्या तळाचं काय होतं तेही इतिहासात आहे. १७०२ च्या जूनमध्ये औरंगजेबाने विशाळगड घेतला. नंतर भर पावसात त्याचं लष्कर पन्हाळ्याकडे परत निघालं. अंतर थोडंच, पण ओढे, चिखल आणि घाट यांत महिन्याहून अधिक काळ गेला, जनावरं मेली, माणसं वाहून गेली. हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी फौज आणि तिची ही दशा. हा फरक धर्माचा नव्हता. शिवाजी महाराजांच्या बाजूनेही सिद्दी हिलाल लढला होता आणि औरंगजेबाच्या तळावरही मराठे सरदार होते. डोंगराचा पाऊस, गवत आणि रयत यांना कोण ओळखतो, फरक तिथे होता.

आता एक प्रामाणिक हरकत. वर्गात ती कोणीतरी काढतंच. महाराजांनीच फारसी शब्द काढायला लावले होते ना? हो. ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. त्यात फारसी-अरबी राजव्यवहाराच्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. राज्य आपलं आहे तर त्याची पदंही आपल्या भाषेत असावीत, ही भूमिका मला समजते आणि पटते. पण दरबारात पदनाम बदलणं वेगळं आणि पागेतल्या माणसाच्या तोंडचा शब्द बदलणं वेगळं. पुढे खुद्द पंतप्रधानांनाही लोक पेशवेच म्हणत राहिले. आणि लगाम, रिकीब, खोगीर, चाबूक, मेख, तोबरा हे शब्द हलले नाहीत, कारण ते हुकमाने आलेच नव्हते. शेजारी शेजारी घोडे बांधणाऱ्या माणसांनी ते एकमेकांकडून उचलले होते.

आडनावं आणि जाती बघा. खोगीर शिवणारा समाज हिंदू, त्याचं नाव जीनगर, हा फारसी शब्द. नाल ठोकणारे नालबंद, माझ्या ओळखीतली या आडनावाची घरं मुस्लिम. त्यांची बोली सातारी, कोल्हापुरी मराठी. यातलं ‘बाहेरचं’ कोण ते मला वेगळं काढता येत नाही.

शेवटी उर्दूबद्दल. उर्दू हा शब्दच मुळात तुर्की, अर्थ लष्कराचा तळ. त्यावरून ही भाषा छावणीत जन्मली असं सर्रास सांगितलं जातं. मीही बीएडला असताना तेच पाठ केलं होतं. ते खरं नाही. दिल्लीच्या आसपासची लोकभाषा आधीपासून होती. तिला हिंदवी म्हणत, रेख्ता म्हणत. दख्खनमध्ये तिची बहीण दखनी फुलली. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे बादशाही दिल्लीचं बिरुद होतं, त्यावरून भाषेला उर्दू हे नाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटलं. म्हणजे तळाचं फक्त नाव आहे, भाषा इथल्या माणसांची आहे.

आमच्या मुलांना हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण लाल गोल फक्त वहीत राहत नाही. तो मुलीच्या मनात जातो. ती पुढच्या वेळी मराठी बोलताना अडखळते. आपल्या तोंडचा कोणता शब्द आपला आणि कोणता परका, याची चाचपणी करत बसते. मग एक दिवस ती मराठीत लिहिणंच सोडते. अशी मुलं मी पाहिली आहेत. नुकसान त्यांचं होतं आणि मराठीचंही.

परीक्षकांवर माझा राग नाही. त्यांना भाषेची काळजी आहे, मलाही आहे. मी त्यांना चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि महाराजांच्या पत्राची एक प्रत सोबत जोडली. उत्तर अजून आलेलं नाही.

मुलीला म्हणालो, निबंध आहे तसाच ठेव. तिने ठेवला. फक्त ‘तबेला’ हा शब्द तिने स्वतः खोडला आणि त्या जागी ‘पागा’ लिहिलं. मी विचारलं, का गं? म्हणाली, “महाराजांनी पागा लिहिलंय ना, सर.”