'भाडेकरू' या शब्दाचे वजन

चाळीवरचे साहित्य आपण आवडीने वाचतो, पण त्या बिऱ्हाडांना स्थैर्य देणाऱ्या कायद्याकडे क्वचितच वळतो. मुंबईचा १९४७चा भाडेनियंत्रण कायदा मूळचा तात्पुरता. मुदतवाढींवर तो अर्धशतक जगला. त्याने भाडे साधारणतः १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले आणि घर व दुकान दोन्हींना संरक्षण दिले. बेताच्या मिळकतीचा माणूस शहरात टिकला. मालकांनी मात्र दुरुस्तीतून अंग काढून घेतले.

कायद्याला वळसा घालायला शब्दच कामी आले. पागडी घेणे गुन्हा, म्हणून ती पावतीविना फिरे. 'भाडेकरू' म्हटले की संरक्षण येई, म्हणून करारात 'लिव्ह अँड लायसन्स' आले. १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारीस राहत असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरू मानले. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे अवाजवी ठरवले. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, वार्षिक ४ टक्के भाडेवाढ दिली आणि एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. छोटा दुकानदार आतच राहिला.

चाळीतला शेजार शिकवताना आपण ही भाडेपावतीही वाचायला हवी. तो शेजार तिच्याच आधाराने टिकला होता.