आद्याक्षरातल्या चित्राची कुळी

माइन्झमध्ये १४५५च्या सुमारास गुटेनबर्गचं बायबल छापून झालं, तेव्हा प्रकरणांच्या आरंभी जागा कोरी ठेवलेली होती. मोठं अक्षर तिथे हाताने रंगवलं जाई. पुढच्या कित्येक पुस्तकांत त्या कोऱ्या जागेत खुणेसाठी एक बारीक अक्षर छापलेलं असे. प्रत रंगाऱ्याकडे गेलीच नाही, तर तेवढंच राहून जाई.

१४५७मध्ये फुस्ट आणि शॉफर यांनी स्तोत्रसंहितेत लाल-निळी आद्याक्षरं थेट छापली. काम देखणं, पण फार खटाटोपाचं. लाकडी ठशाने ते सोपं केलं. खिळ्यांच्याच उंचीचा ठोकळा घ्यायचा, त्यावर अक्षर उलटं कोरायचं आणि जुळाऱ्याने ते मजकुरात बसवायचं. एकाच शाईत, एकाच दाबात सगळं छापून निघे. व्हेनिसमध्ये राटडोल्टने १४८२ साली छापलेल्या युक्लिडच्या भूमितीतली काळ्या भुईवरच्या पांढऱ्या वेलींची अक्षरं पाहावीत. कोरणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

मग अक्षराभोवती माणसं आली, प्रसंग आले आणि अर्थ लावायचा मोह सुरू झाला. कधी तो रास्त असतो. बाझेलला १५४३मध्ये निघालेल्या वेसालियसच्या शरीररचनेच्या ग्रंथात मोठ्या ‘क्यू’मध्ये गुटगुटीत बाळं डुकराचं विच्छेदन करताना दिसतात. ही चित्रं त्या विषयासाठीच घडवलेली, म्हणून ती ग्रंथाचा भाग समजूनच वाचायला हवीत.

पण १५७२चं लंडनचं ‘बिशप्स बायबल’ उघडा. ‘इब्री लोकांस पत्र’ जिथे सुरू होतं, तिथल्या आद्याक्षरात रोमन पुराणकथेतली लीडा आणि हंसरूपी ज्युपिटर! यात गूढ धर्मार्थ शोधणं व्यर्थ आहे. ओव्हिडच्या कथांवरून कोरलेल्या अक्षरांचा संच छापखान्यात होता, तोच इथे वापरला गेला. ठसा कोरायला मेहनत लागे, म्हणून तो वर्षानुवर्षं वापरात राही. विकला जाई, उसनाही दिला जाई.

म्हणून माझ्या मते चित्राचा अर्थ नंतर, आधी ठशाची कुळी. तोच ठसा आणखी कोणत्या पुस्तकांत आहे, ते आधी शोधावं. मग वापराने ठशाच्या चौकटीवर पडलेली चीर पाहावी. एका पुस्तकात ती चीर केसाएवढी आणि दुसऱ्यात कडेपर्यंत गेलेली असेल, तर दुसऱ्याची छपाई बहुधा नंतरची. साल न छापलेल्या पुस्तकाचा काळ अभ्यासक अशा चिरांवरूनही ठरवतात.