नाव यादीत येतं कसं? भारताच्या पहिल्या मतदार यादीची गोष्ट

या मालिकेत आपण कायदे, संस्था आणि त्यांच्यामागची माणसं यांचा इतिहास बघतो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, यात ऐकण्यासारखं काय आहे? विषय आहे मतदार यादी. पिवळट कागद, बारीक छपाई, घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय. शाळेच्या व्हरांड्यात टाचलेली असते, आपण बोट फिरवत नाव शोधतो, सापडलं की विसरून जातो.

पण सापडलं नाही तर? हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मतदानाच्या दिवशी एखाद्या आजी नातवाचा हात धरून येतात. ओळखपत्र पदरात बांधलेलं असतं. टेबलावरचा माणूस यादी दोनदा चाळतो आणि म्हणतो, 'आजी, तुमचं नाव नाही.' आजी कार्ड पुढे करतात. पण नुसत्या कार्डाचा उपयोग नसतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 प्रमाणे मत देता येतं ते यादीत नाव असलेल्यालाच. कार्ड तुम्ही कोण ते सांगतं, मतदानाचा अधिकार यादीतून येतो. मग प्रश्न उरतो तो हा, की नाव यादीत घालणं हे काम कोणाचं? आजींचं की सरकारचं? आपल्या देशाने या प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं होतं, राज्यघटना पूर्ण व्हायच्याही आधी. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या काळातही मतदार याद्या होत्या. पण त्या निवडक लोकांच्या होत्या. शेतसारा किती भरता, घरपट्टी किती, शिक्षण किती, यावर मत ठरायचं. 1937 च्या प्रांतिक निवडणुकांत सगळे मिळून साधारण तीन कोटी मतदार होते. शिवाय याद्या धर्माप्रमाणे वेगळ्या. मुसलमानांची वेगळी, सर्वसाधारण वेगळी. आणि बायकांचं काय? 1935 च्या कायद्यात काही स्त्रियांना मत होतं, पण त्यातल्या अनेकींना ते मिळायचं नवऱ्याच्या पात्रतेवरून. म्हणजे अमक्याची पत्नी म्हणून ती मतदार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

या याद्यांमागे एक विचार होता. मत ही पात्रता आहे, ती ज्याने त्याने सिद्ध करायची. आपल्याकडे या विचाराला विरोध जुना आहे. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमराव आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणायला सांगितलं होतं. पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला तर मताची जास्त गरज आहे, असा तो युक्तिवाद होता.

आता 1947. देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, लाखो माणसं रस्त्यावर होती. घटना समिती अजून कलमांवर वाद घालत होती. अशा वेळी समितीच्या सचिवालयाने, घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली, एक धाडसाचं काम सुरू केलं. घटना मंजूर होईल, मग कायदा होईल, मग याद्या होतील, असं थांबलो तर निवडणुका किती वर्षं लांबतील? म्हणून त्यांनी ठरवलं की प्रौढ मताधिकार येणार हे गृहीत धरून याद्या आत्तापासून करायला घ्यायच्या. 1948 च्या मार्चमध्ये प्रांतांना आणि संस्थानांना सूचना गेल्या. 1 जानेवारी 1949 ला ज्याचं वय 21 पूर्ण आणि जो 31 मार्च 1948 ला संपणाऱ्या वर्षात त्या मतदारसंघात किमान 180 दिवस राहिला, त्याचं नाव घ्यायचं. गावोगावी कारकून, तलाठी, पाटील घरोघर फिरायला लागले. विचार करा, अजून कायद्याने कोणी मतदार नव्हतं, पण यादी लिहायला सुरुवात झाली होती.

लगेच अडचण आली. पंजाबातून, सिंधमधून, पूर्व बंगालमधून आलेला निर्वासित 180 दिवसांचा रहिवास कुठून दाखवणार? छावणीत येऊन त्याला दोन महिनेही झाले नसतील. नियम तसाच लावला असता तर सगळे निर्वासित बाहेर राहिले असते. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी तसं करायला सुरुवातही केली. आसामातल्या नागरिक संघटनांनी दिल्लीला तक्रारी पाठवल्या, की आमच्याकडच्या निर्वासितांना बाहेरचे समजून वगळतायत. सचिवालयाने पत्रांना उत्तरं दिली, आणि तोडगा काढला तो साधा होता. निर्वासिताने एवढंच जाहीर करायचं की मी या जागी कायमचा राहणार आहे. त्यावर नाव घ्यायचं. ज्याच्याकडे घर नाही, कागद नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं एका नव्या राज्याने ठरवलं.

याच वादातून आपल्या निवडणूक आयोगाचं रूप ठरलं, हे फारसं सांगितलं जात नाही. आधीच्या मसुद्यात केंद्राच्या निवडणुकांना एक आयोग आणि प्रांतांना आपापले वेगळे आयोग, अशी रचना होती. 15 जून 1949 ला आंबेडकर घटना समितीत उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही यात मोठा बदल सुचवतो आहोत, सगळ्या निवडणुकांसाठी एकच मध्यवर्ती आयोग हवा. कारण काय दिलं? काही प्रांतांत, तिथल्या बहुसंख्यांपेक्षा वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळे असलेल्या लोकांना यादीत येऊ न देण्याचे प्रकार चालले आहेत, अशा तक्रारी आल्या आहेत. म्हणजे मतपेट्या पळवण्याची भीती हे कारण नव्हतं, कारण होतं यादीतून नाव गाळण्याची भीती. घटनेचं कलम 324 आज काढून वाचा. आयोगाच्या कामांत मतदार याद्या तयार करणं आधी येतं, निवडणुका घेणं नंतर. आणि पुढचंच कलम 325 सांगतं की प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी असेल, आणि धर्म, वंश, जात, लिंग यावरून कोणालाही वगळता येणार नाही. धर्माप्रमाणे वेगळ्या याद्या तिथे संपल्या.

25 जानेवारी 1950 ला आयोग स्थापन झाला. मार्चमध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्या हाती आला तो आकडा होता 17 कोटी 32 लाख मतदारांचा, जम्मू-काश्मीर सोडून. याद्या टंकलिखित करून मतदारसंघाप्रमाणे लावायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले. छपाईला तीन लाख ऐंशी हजार रीम कागद लागला. संगणक नाही, झेरॉक्स नाही, हे सगळं टंकलेखन यंत्रावर आणि छापखान्यात.

आणि इथे ती मघाची गोष्ट परत येते. याद्या तपासताना दिसलं की लाखो बायकांची नावंच नाहीत. म्हणजे नोंद आहे, पण ती 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी. गणनेला आलेला परका पुरुष दारात उभा, आणि बाईने आपलं नाव त्याला सांगायचं नाही ही रीत. आपल्याकडेही नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा, तेव्हा संकोच आपल्याला अनोळखी नाही. शिवाय कारकुनालाही त्यात वावगं वाटलं नसेल, जुन्या कायद्यात बाई नवऱ्यावरूनच मतदार होती ना!

सेन यांच्यापुढे पेच होता. अशा नोंदी तशाच ठेवल्या तर बाया मत देतील, पण ओळख पटवणार कशी? 'रामलालची बायको' म्हणून कोणीही येईल. त्यांनी सांगितलं की स्त्रीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने झाली पाहिजे, आणि नाव मिळत नसेल तर नोंद काढा. बिहारला त्यासाठी एक महिन्याची मुदत वाढवून दिली. तरीही शेवटी देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख नावं गेली. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश इथल्या.

आमच्यात या निर्णयावर पुष्कळ वाद झाला आहे. काही म्हणतात, सेन यांनी अन्याय केला, पहिल्याच निवडणुकीत 28 लाख बायकांचं मत गेलं. काही म्हणतात, त्यांनी बरोबर केलं. कारण नोंद तशीच चालवली असती तर पुढची पन्नास वर्षं ती तशीच राहिली असती. आम्हाला दोन्ही खरं वाटतं. तत्त्व योग्य होतं, राज्याला प्रत्येक बाई तिच्या नावानिशी हवी होती. पण त्या तत्त्वाची किंमत त्या बायकांनी भरली, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. इतिहासात अशी उदाहरणं पुष्कळ सापडतात.

यादी एकदा केली की काम संपलं, असं मात्र होत नाही. माणसं मरतात, मुलं मोठी होतात, मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात, कुटुंबं पोटासाठी शहरात येतात. म्हणून यादीचं पुनरीक्षण होतं. आजची पद्धत थोडक्यात सांगतो. मतदारसंघाची यादी भागांत विभागलेली असते, साधारण एका मतदान केंद्राचा एक भाग. भागात नावं घराच्या क्रमाने लागतात. आधी प्रारूप यादी प्रसिद्ध होते, मग दावे आणि हरकती घेतात, सुनावणी होते, मग अंतिम यादी. नवीन नावाला नमुना 6, नावावर हरकत घ्यायला किंवा ते वगळायला नमुना 7, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला नमुना 8. मतदाराचं वय 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून 21 वरून 18 वर आलं. पूर्वी 1 जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता, त्यामुळे 2 जानेवारीला अठरा पूर्ण करणारा मुलगा वर्षभर थांबायचा. 2022 पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात. हे सगळं दारापर्यंत नेणारा माणूस म्हणजे बीएलओ, बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका. ज्याला घरच नाही, त्याच्यासाठीही नियम आहे. बीएलओने रात्री जाऊन तो माणूस खरंच त्या जागी झोपतो का हे पाहायचं आणि नाव घ्यायचं. पत्ता नाही म्हणून मत नाही, असं म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त भिडतो तो ऊसतोड कामगारांना. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडची जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गावातलं घर कुलूपबंद राहतं. बीएलओ येतो, कुलूप पाहतो. आता कायदा स्पष्ट आहे. 1950 च्या कायद्याचं कलम 20 सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्याने कोणाचा रहिवास संपत नाही. म्हणजे कुलूप हे नाव कापायचं कारण होऊ शकत नाही. पण कायदा माहीत नसला तर कुलूपच बोलतं. आणि नाव टिकलं तरी मतदानाच्या दिवशी माणूस फडात असतो. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा गळीत हंगामाचेच दिवस होते.

नाव घालण्याइतकंच नाव काढणंही गंभीर आहे. 1995 साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली आणि मुंबईतल्या रहिवाशांचा प्रश्न होता. त्यांना नागरिकत्व सिद्ध करा, नाहीतर नाव जाईल, अशा नोटिसा आल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे, ते नीट प्रक्रिया करूनच घातलेलं होतं असं धरायचं, आणि काढायचं असेल तर त्याला कारण सांगून म्हणणं मांडायची खरी संधी द्यायची. 2025 मध्ये बिहारात विशेष सखोल पुनरीक्षण झालं. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीची सुमारे 65 लाख नावं नव्हती. तेव्हाही न्यायालयाने आयोगाला सांगितलं की ही नावं कारणांसह प्रसिद्ध करा. त्या पुनरीक्षणावर मतं वेगवेगळी आहेत, आणि ती असू द्यात. मृतांची, दुबार नावं काढलीच पाहिजेत, घाणेरडी यादी कोणाच्याच भल्याची नाही. पण कारण सांगा आणि ऐकून घ्या, ही मागणी 1948 साली आसामातून पत्रं लिहिणाऱ्यांचीच आहे.

मग नाव घालणं काम कोणाचं? इतिहासाचं उत्तर असं, की मुख्य काम राज्याचं. 1948 साली कारकून दारात गेला होता, लोक कचेरीत गेले नव्हते. पण ती पत्रं लोकांनी लिहिली नसती तर छावणीतली नावंही आली नसती, हेही तितकंच खरं.

म्हणून जाता जाता एक विनंती. प्रारूप यादी लागेल तेव्हा आपलं नाव बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. जिन्याखालच्या वॉचमनचं, घरकामाला येणाऱ्या मावशींचं, नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बघा. सुनेचं माहेरचं नाव वगळलं आणि सासरचं लागलं नाही, असं फार होतं. आणि पालिका, पंचायतीच्या निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात, तेव्हा आपलं नाव शेजारच्या प्रभागात तर गेलं नाही ना, हेही पाहा. मतदानाच्या दिवशी त्या टेबलापाशी काही करता येत नाही, जे करायचं ते आधीच.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आपण बोलू.